बंद रुळांच्या कडेकडेनं, घरगाडीतून

कॅरॅव्हॅन भाड्यानं घेऊन लोक कोकणात जातात, महाबळेश्वरला जातात. आम्ही ती घेऊन मूर्तिजापूर ते यवतमाळ ह्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या कडेनं फिरलो. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग हळूच विचारतो, "पण राहिलात कुठं? परवानगी कोणाची लागते? पैसे किती गेले?" एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. घरात वयस्कर माणूस असेल आणि आडगावात मुक्काम करायचा असेल, तर यातलं बरंच कामी येईल.

ही कल्पना माझी नव्हे, लेकीची. ती अमेरिकेत पिट्सबर्गला असते. मागच्या उन्हाळ्यात ती आणि जावई मोटारहोम घेऊन फिरायला गेले होते, तेव्हा पिटहोल नावाच्या जागी गेले. एके काळचं तेलाचं शहर. 1859 मध्ये जवळच्या टायटसव्हिलला ड्रेक नावाच्या माणसाच्या विहिरीला तेल लागलं आणि त्या सगळ्या पट्ट्यात लोक वेड्यासारखे भोकं पाडत सुटले. पिटहोलला 1865 च्या जानेवारीत तेल लागलं, मे महिन्यात शहराचे प्लॉट पडले आणि सप्टेंबरपर्यंत तिथं पंधरा हजारांच्या आसपास माणूस जमला. पन्नासहून जास्त हॉटेलं, पोस्टात पत्रांचा ढीग. मग विहिरी आटल्या, आगी लागल्या, आणि 1870 च्या जनगणनेत उरले 237. 1877 मध्ये गावाचा दर्जाच रद्द झाला. आज तिथं गवत कापून जुन्या रस्त्यांच्या खुणा दाखवल्या आहेत आणि तळघरांचे खड्डे आहेत. बाकी रान.

लेक फोनवर म्हणाली, "आई, आपल्याकडे असं काही नाही ना?" मी म्हटलं, आहे की. आणि गंमत म्हणजे मूळ एकच. 1861 ते 1865 चं अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, सैनिक खिशात पैसा घेऊन घरी परतले, त्यातले कितीतरी पिटहोलला धावले. त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा थांबला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर खिळली. वऱ्हाड 1853 पासून त्यांच्या ताब्यात होताच. कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये खामगावला फाटा गेला, पुढच्या वर्षी अमरावतीला. मुख्य लाइनीपासून लांब राहिलेल्या तालुक्यांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन ह्या मुंबईच्या इंग्रज पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं अडीच फुटी रूळ टाकले: मूर्तिजापूरहून एक बाजू अचलपूरला, दुसरी कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला. दोन्ही मिळून एकशे नव्वद किलोमीटरच्या आसपास. हीच आपली शकुंतला. रूळ कंपनीचे, गाडी चालवणार रेल्वे, आणि रेल्वेनं कंपनीला त्याचे पैसे द्यायचे, असा करार. स्वातंत्र्यानंतर बहुतेक सगळ्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मात्र तशीच करारावर चालत राहिली. मँचेस्टरमध्ये 1921 साली बांधलेलं वाफेचं इंजिन तिथं एप्रिल 1994 पर्यंत राबलं, मग डिझेल आलं, मग गाडीच बंद झाली.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, दारव्ह्याच्या. लग्नाआधी-नंतर त्यांचा सगळा प्रवास ह्याच गाडीनं. आता वय एकोणऐंशी, गुडघे गेलेले. त्यांना घेऊन ह्या बाजूला जायचं मनात बरीच वर्षं होतं, पण दर वेळी अडायचं एकाच गोष्टीवर, संडासावर. मधल्या गावांत लॉज नाहीत, असले तर भारतीय पद्धतीचे, तेही पहिल्या मजल्यावर. कॅरॅव्हॅन घ्यायचं खरं कारण हे. हौस वगैरे नंतर.

नोव्हेंबर 2024 मध्ये चौकशी सुरू केली. पुण्याच्या एकानं नागपूरपर्यंतचं रिकामं येणं-जाणंच इतकं सांगितलं की फोन ठेवला. नागपुरात दोन जण सापडले. पहिल्याचा दर कमी होता, फोटो झकास. त्याच्याकडे मी आरसी बुकाचा फोटो मागितला. ह्यांचे मित्र आरटीओ एजंट आहेत, त्यांनी बजावलं होतं: कंपनीनं बनवलेल्या गाडीत वाट्टेल तशी तोडफोड करून तिची नोंदणी चालत नाही, सुप्रीम कोर्टाचा 2019 चा निकाल आहे, तेव्हा नोंदणी कॅरॅव्हॅन म्हणूनच झाली आहे ना ते बघा. त्या गाडीचं बुक साध्या प्रवासी गाडीचं निघालं. आत पलंग, शेगडी, संडास, आणि कागदावर तेरा सीट. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार. सोडून दिलं. दुसऱ्यानं आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी, परमिट सगळं एका पीडीएफमध्ये न मागता पाठवलं. तिथंच बुकिंग केलं.

दर असा ठरला: दिवसाला 8,500, त्यात दोनशे किलोमीटर. ड्रायव्हर त्यांचाच, त्याचा भत्ता दिवसाला 600. डिझेल आणि टोल आपला. अनामत 25,000. जीएसटी वेगळा. ह्यात एक मेख असते, किलोमीटर गॅरेज ते गॅरेज मोजतात. आम्ही अमरावतीचे, गाडी नागपूरची, म्हणजे तीनशेवर किलोमीटर नुसते आणण्या-नेण्यात. हे आधीच विचारून घेतलेलं बरं. टोलही कारच्या दरानं लागत नाही, मिनीबसच्या वर्गात धरतात.

आता परवानगी. राज्य सरकारचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्कची सोय सांगितली आहे, पण आमच्या वाटेवर असा पार्क कुठला असणार! मला तर बंद स्टेशनाशेजारीच रात्र काढायची होती. स्टेशन बंद असलं तरी जमीन रेल्वेच्या ताब्यातली, आणि विनापरवाना आत शिरणं म्हणजे रेल्वे अधिनियम 1989 चं कलम 147, दंड किंवा कैद. म्हणून 2 डिसेंबरला अर्ज टाकला. साध्या कागदावर: कोण, किती माणसं, कुठल्या तारखा, गाडीचा नंबर, उद्देश 'खाजगी, मोबाइलनं छायाचित्रण'. सोबत आधारच्या प्रती. पहिल्या कार्यालयानं सांगितलं, हे आमच्याकडे नाही, वरच्या कार्यालयात पाठवा. वरच्या कार्यालयानं विचारलं, स्थानिक कार्यालयाची शिफारस कुठे? मग शिफारशीसाठी परत खाली. मध्ये नाताळ. तिसऱ्यांदा ह्यांनी स्वतः जाऊन आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला, आणि त्या शिक्क्यानंतर कागद हलायला लागला. पोस्टानं पाठवलेल्या अर्जाला तसा आवक क्रमांक हातात येत नाही, त्यामुळे पुढे विचारायला तोंड राहत नाही. उत्तर 3 जानेवारीला आलं: दिवसा बघायला, फोटो काढायला हरकत नाही, मुक्काम करता येणार नाही, रुळावर व डब्यांवर चढू नये.

मुक्काम नाही म्हटल्यावर मी खट्टू झाले. ह्यांनी नकाशा उघडला आणि म्हणाले, "स्टेशन रेल्वेचं, पण समोरचं मैदान कोणाचं?" मधल्या एका छोट्या स्टेशनासमोर गावठाणाची मोकळी जागा दिसत होती. त्या गावाचं नाव इथं देत नाही. लोकांनी आमच्यासाठी जे केलं ते माणुसकीनं केलं, उद्या तिथं दहा गाड्या जाऊन उभ्या राहायला नकोत. सरपंचबाईंचा नंबर पंचायत समितीतून मिळाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ग्रामसेवकाच्या नावानं अर्ज करा, पावती फाडा, अन् पोलीस पाटलाले सांगून ठेवा. मंग कोनी काई बोलत नाही." पावती शंभर रुपयांची, 'जागा वापर' ह्या नावानं. रेल्वेच्या कागदाला महिना लागला, ह्याला दोन फोन.

9 जानेवारीला, गुरुवारी सकाळी गाडी अमरावतीला दारात आली. ताबा घ्यायला तास-दीड तास राखून ठेवा. ड्रायव्हरभाऊंनी एकेक दाखवलं: पाण्याची टाकी शंभर लिटरची, पंपाचं बटण कुठं, इन्व्हर्टरवर काय चालतं आणि काय नाही. दिवे, पंखा, मोबाइल चालतात. एसी आणि गिझर बाहेरून वीज जोडली तरच. जानेवारीत एसी कोणाला हवाय, पण गिझर हवा होता. संडास कॅसेटचा, खाली सुटकेससारखा डबा असतो, तो भरला की बाहेर ओढून रिकामा करायचा. मी सगळ्याचा व्हिडिओ काढला, आधीचे ओरखडेसुद्धा. आई पायरी चढताना म्हणाल्या, "पायरी उंच हाय." ह्यांनी घरातला पाट आणून ठेवला. तो पाट शेवटपर्यंत गाडीत राहिला आणि सगळ्यात उपयोगी वस्तू तीच ठरली.

मूर्तिजापूरचं मोठं स्टेशन हावडा-मुंबई मार्गावरचं, धावपळीचं. तिथल्या एका अंगाला छोट्या लाइनीचा भाग. परवानगीचं पत्र दाखवलं, रजिस्टरमध्ये नाव-वेळ लिहिली, एक जवान सोबत दिला. त्याला आमच्यापेक्षा घाई. झाडोऱ्यात उभे असलेले डबे, गंजलेले बफर, रुळांत वाढलेली घाणेरी. फोटो काढले आणि निघालो. तिथं थांबण्यासारखं फार नव्हतं, किंवा असेल तर जवानानं थांबू दिलं नाही.

कारंज्यात आईंना गुरुमंदिरात जायचं होतं. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, त्यामुळे वर्दळ कायम. आपली गाडी उंच असते हे गल्लीबोळात विसरायचं नाही. विजेच्या तारा, लग्नाच्या कमानी, पिंपळाच्या फांद्या, सगळं डोक्याशी येतं. गाडी मोठ्या रस्त्याला लावून आईंना ऑटोनं नेलं, येण्या-जाण्याचे ऐंशी रुपये. कारंज्याजवळूनच समृद्धी महामार्ग जातो. नागपूरहून येणाऱ्याला तो सोयीचा, पण रूळ बघायचे असतील तर उतरून जुन्या रस्त्यानंच जावं लागतं.

दुपारी चारच्या सुमारास त्या छोट्या गावी पोचलो. मैदानात गाडी उभी केली आणि दहा मिनिटांत अर्धं गाव जमा. एक मुलगा ओरडला, "रक्ताची गाडी आली!" एका आजींनी माझा हात धरून विचारलं, "डोये तपासता काय मा?" निवडणूक तर होऊन गेली, मग ही प्रचाराची गाडी कशी, असाही प्रश्न आला. पोलीस पाटलांनी आधारच्या प्रती घेतल्या, गाडीचा नंबर वहीत लिहिला, आत डोकावून पलंग, ओटा, आरसा बघितला आणि म्हणाले, "आमच्या घरकुलापेक्षा बरं हाय जी." सगळे हसले. मग बायकांना आत बघायचं होतं, मी चारचारच्या गटानं सोडल्या. तुम्हीही हे कराल तर आधीच करून टाका. एकदा बघून झालं की लोक आपापल्या कामाला लागतात आणि तुम्हाला शांतता मिळते. दार लावून आत बसलात तर रात्रीपर्यंत खिडकीला डोळे.

स्टेशन म्हणजे एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, बाजूला बुटका फलाट. छोट्या लाइनीचा फलाट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असतो. त्यावर कोणीतरी तूर वाळत घातली होती, दोन बाया बडवणीनं शेंगा झोडत होत्या. रूळ तुरीच्या धांड्यांखाली गेलेले, दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी. शेवटच्या वेचणीचा कापूस बोंडांतून लोंबत होता, पाला लालसर झालेला. मी रुळाशी वाकून बघितलं, रुळाच्या पोटावर उठावाची अक्षरं असतात. गंज नखानं खरवडला तर 19 नीट वाचता आलं, पुढचे दोन आकडे 11 होते की 14, ते सांगता येईना. तिकिटाची खिडकी मात्र जशीच्या तशी. भिंतीत कमानदार भोक, खाली सागवानी फळी, आणि फळीच्या मधोमध बशीएवढा गुळगुळीत खळगा. शंभर वर्षं लोकांनी सुटे पैसे सरकवून सरकवून पाडलेला. खळग्यात गांधीलमाशीनं मातीचं घर केलं होतं.

तिथंच एक बाबाजी भेटले. रेल्वेत गँगमन होते, आता शेती. त्यांनी सांगितलं की गाडीचा वेग ताशी वीसच्या आसपास, गार्डच तिकिटं द्यायचा आणि फाटक आलं की गार्डच उतरून लावायचा, गाडी पुढं गेली की उघडून परत धावत येऊन चढायचा. आई लगेच म्हणाल्या, "अन् पाण्याची टाकी या अंगाले होती." बाबाजी म्हणाले, "नाही जी, त्या अंगाले." मग दोघांचं जे जुंपलं! टाकी कडुनिंबाकडे होती की विहिरीकडे, ह्यावर अर्धा तास. आईंचं म्हणणं, लग्न झाल्यावर पहिल्यांदा सासरी जाताना त्या ह्याच स्टेशनावर पाणी प्यायला उतरल्या होत्या आणि ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं, म्हणजे टाकी पश्चिमेलाच. बाबाजींचं म्हणणं, नोकरी त्यांनी केली. चौथरा शोधायला गेलो तर दोन्ही बाजूंना काहीबाही विटा निघाल्या. निकाल लागला नाही.

मी बाबाजींना पिटहोलचं सांगितलं. तेल आटलं आणि शहर उठलं, वगैरे. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पऱ्हाटीकडे हात केला. "इथं काय आटलं सांगा बरं? कापूस त येवढाच हाय. उलट जास्त हाय. गाडी गेली फक्त." मला हे तोवर असं सुचलंच नव्हतं. मी पिटहोलसारखं काहीतरी बघायला आले होते, माल संपला म्हणून ओस पडलेलं. इथं माल समोर उभा आहे. फक्त तो आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून थेट मोठ्या जिनिंगला, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याला, जातो, तिथून ट्रकनं गाठी जातात. स्टेशनाला त्यात काही जागा उरली नाही, आणि स्टेशनाभोवती जे छोटे अडते, हमाल, चहाचं हॉटेल, बैलगाड्यांचा तळ होता, त्यांनाही. एवढंच ओस पडलं. गाव भरलेलं आहे.

रात्री थंडी कडक होती. सरपंचबाईंकडून ओले सोले, म्हणजे तुरीचे हिरवे दाणे, आले, मी गाडीतल्या ओट्यावर सोलेभात केला, गॅस छोटा असल्यानं तासभर लागला. आईंनी गाडीतल्या डायनिंग टेबलावर न बसता पलंगावरच ताट घेतलं. ड्रायव्हरभाऊ समोरच्या सीटवर झोपले, त्यांच्यासाठी जास्तीची रजई न्यावी लागते, गाडीवाले देत नाहीत. इन्व्हर्टर रात्री दोनला बोलला, म्हणजे बॅटरी उतरली. दिवा गेला. आईंसाठी टॉर्च उशाशी ठेवली होती, त्यामुळे अडलं नाही. गाडीत बसवलेल्या दिव्यांच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाला ठेवू नका.

10 तारखेला सकाळी निघून दारव्ह्याला आलो, आणि तिथं सगळ्यात अवघड प्रश्न: कॅसेट रिकामी कुठं करायची? नाल्यात नाही, शेतात नाही, उघड्या गटारात तर नाहीच. पेट्रोल पंपावर विचारलं तर त्यांनी हात जोडले, आणि त्यांचंही चूक नाही. तोडगा सुचला तो ड्रायव्हरभाऊंना: मंगल कार्यालय. पौष महिना, त्यात संक्रांत अजून यायची, म्हणजे लग्नं नाहीत आणि कार्यालयं रिकामी. तिथं मोठा सेप्टिक टँक असतो, पाण्याचा नळ असतो, आवार गाडी वळवायला पुरेसं असतं, आणि भिंतीवर पंधरा अँपिअरचा सॉकेट असतो. मॅनेजरला खरं काय ते सांगितलं. कॅसेट ओतणं, टाकी भरणं आणि रात्रभर वीज, ह्या सगळ्याचे सातशे रुपये ठरले. गिझर चालला, आईंच्या गुडघ्यांना गरम पाणी मिळालं. विदर्भात कॅरॅव्हॅन पार्क कुठं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन, पौषात मंगल कार्यालय. मार्गशीर्षात आणि वैशाखात मात्र कोणी उभं करणार नाही. एक वायर जवळ ठेवा, पंधरा मीटरची, जाड. गाडीसोबतची आखूड असते.

दारव्हा मोतीबाग स्टेशन आईंना बघायचं होतं. बाहेरून बघितलं. त्या गाडीतून उतरल्या नाहीत, खिडकीतून पाच-सात मिनिटं बघत बसल्या आणि म्हणाल्या, "चला, भाऊच्या घरी चहा गार होईल." भावाचं घर म्हणजे भाचे-नातवंडांनी भरलेलं, तिथं मग दुपार गेली. मामेभावजींनी ह्यांना आणि मला ओळखीच्या जिनिंगमध्ये नेलं. आवारात एका कोपऱ्यात जुन्या कारखान्याची विटांची चिमणी उभी आहे, बाकी सगळं नवं. कापसाचा डोंगर, त्यावर चालणारी माणसं, सक्शनच्या पाइपातून उडत जाणारा कापूस, आणि नाकातोंडात जाणारी किटाळ. क्विंटलभर कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. रुईची गाठ 170 किलोची. सरकीचं तेल आणि ढेप होते, तेव्हा तेलाचा धंदा म्हणाल तर तो इथंही आहे, फक्त जमिनीखालून येत नाही. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2024-25 च्या हंगामाला क्विंटलला 7,521 रुपये होता, पण बाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्यानं सांगितलं की सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, ओलावा जास्त भरतो म्हणून माल परत जातो आणि गावात येऊन घेणारा खेडा खरेदीवाला त्याहून कमी देतो. त्याच्या ट्रॉलीला सकाळपासून नंबर लागलेला नव्हता. आम्ही सहलीला आलोय हे त्याला सांगायची मला लाज वाटली, मी सांगितलं नाही.

यवतमाळला 11 तारखेला पोचलो. छोट्या लाइनीचं स्टेशन बघितलं, पण आईंचा उत्साह संपला होता आणि खरं तर माझाही. तेव्हा वर्ध्याकडून मोठी लाइन येत होती, वर्धा ते कळंब 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झाली होती. आईंनी विचारलं, "ती दारव्ह्यावरून जाईल काय?" ह्यांनी मोबाइलवर नकाशा काढून दाखवला, त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला. मग नेरवरून अमरावती, संध्याकाळपर्यंत घर.

हिशेब: भाडं, भत्ता, डिझेल, टोल, जीएसटी आणि किरकोळ धरून पंचेचाळीस हजारांच्या थोडं वर गेलं. अर्टिगा भाड्यानं घेऊन यवतमाळला हॉटेलात राहिलो असतो तर ह्याच्या तिसऱ्या हिश्शात झालं असतं. तरुण जोडप्यानं हे करू नये असं माझं स्पष्ट मत, तुम्ही मोटारसायकलवर जा, कोणाच्याही ओसरीवर झोपा. पण गुडघे गेलेल्या माणसाला पाच पावलांवर कमोड मिळणं, ह्याची किंमत ज्याच्या घरी असं माणूस आहे त्यालाच कळते. वाटेत एकदाही "आता कुठं जायचं" असं आईंच्या चेहऱ्यावर आलं नाही, ह्यासाठी मी ते पैसे पुन्हा देईन.

अनामत सात दिवसांत परत देऊ असं सांगितलं होतं. दोनदा आठवण केल्यावर 24 जानेवारीला आली, 1,200 कापून, 'अंतर्गत स्वच्छता' म्हणून. ओरखड्यांचे तीन हजार लावले होते, ते सुरुवातीचा व्हिडिओ पाठवल्यावर मुकाट्यानं काढले.

अचलपूरची बाजू आमची राहिली आहे: दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट. तिकडे कोणी जाणार असेल तर अर्ज आवक क्रमांक घेऊनच द्या, दीड महिना आधी. आणि घरातला पाट न्या.